कोठी रिकामी केल्यावर

प्रिय धाकट्या,

फोन न करता कागदावर लिहितेय म्हणजे ताईचं काहीतरी बिनसलंय, हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. फोनवर तू मला पटवतोस. फुटलेली बरणी, बुडवलेली शाळा, माझ्या सायकलचं वाकलेलं चाक, सगळं तू मला पटवत आलायस, आणि पटल्यावर वर मीच आईसमोर तुझी वकिली करत आले. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती पडणार नाही याचीही मला खात्री आहे, कारण तुमच्या इमारतीतल्या पत्रपेटीची किल्ली हल्ली तू खिशात घेऊन फिरतोस. परवा तीच सांगत होती, की लग्न झाल्यापासून ज्या माणसाला पेटी कुठल्या रंगाची आहे हे ठाऊक नव्हतं, तो आता रोज टपाल यायच्या वेळेला स्वतः जिना उतरतो. ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

मी संशयी आहे हे काही गुपित नाही. आई म्हणते ना, की ही पोरगी दुधाचं भांडं स्वतः दोनदा हुंगते आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याला हुंगायला लावते. देवानं नोकरीही तशीच दिली. तुम्ही लोक वेबसाइट बांधता आणि ती कुठं मोडते ते मी बघते. नावाच्या जागी आकडे टाकायचे, एकच बटण सतरा वेळा दाबायचं, होऊन गेलेल्या तारखेची वेळ मागायची. आमच्याकडे संशय घेण्याचा पगार मिळतो. पण धाकट्या, खरं सांगते, घरात येताना मी तो संशय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत असे. निदान तुझ्या बाबतीत तरी. गेले काही दिवस तो माझ्यामागून आत आलाय आणि हलायला तयार नाही.

महिनाअखेरीला आमच्याकडे काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू दोन दिवसांनी आलास. आमची साइट दवाखान्यांच्या वेळा देते, ती तूच बांधलीस, तुला काय सांगायचं. त्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तारखेला, डोळ्यांचे डॉक्टर आपल्या खोलीत माशा मारत बसले. त्यांच्या यादीत एकही नाव नव्हतं. आणि बाहेर बाकावर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या फोनवर आजची तारीख आणि आजची वेळ. त्या सगळ्यांची नावं आमच्या साइटनं पुढच्या दिवशी, एक तारखेला नेऊन टाकली होती, तिथं आधीच बसलेल्या माणसांच्या डोक्यावर. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं ऑपरेशन होतं. सांगितल्याप्रमाणे सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि दारातून परत पाठवलं. त्यांच्या मुलीनं आमच्या ऑफिसला फोन केला आणि तो नेमका मी उचलला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, की आता त्यांनी काही खाल्लं तर चालेल का. मी डॉक्टरांचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

मग ऑफिसात शोध सुरू झाला, की परवापर्यंत चालत होतं ते आज कसं मोडलं. शोध कसला, एकच बोट वर झालं आणि ते झाडूरावांकडे वळलं. तू गेल्यावर तुझ्या जागी आलेले हे गृहस्थ. त्यांना हे नाव आम्हीच दिलं, कारण ते सकाळी आल्या आल्या कीबोर्ड फडक्यानं पुसतात, दुसऱ्याच्या टेबलावरचे थंड चहाचे कप उचलून मोरीत नेऊन ठेवतात, आणि कॉम्प्युटरवरही त्यांचं तेच चालतं. नको असलेली फाइल दिसली की पुसून टाक. वर दहा मिनिटांचं प्रवचन. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून डोक्यात जातो. उंटावरचा शहाणा. त्यांनी आदल्या आठवड्यात कोठी रिकामी केली होती, आणि त्यानंतर महिनाअखेर मोडली. मग काय, कावळा बसला आणि फांदी मोडली. फरक एवढाच, की आमच्याकडे कावळ्याला कोणीच सोडत नव्हतं, आणि त्या कावळ्यावर पहिला दगड मी मारला.

कोठी. तू बाईंना ती कशी समजावून सांगितली होतीस ते मला अजून आठवतं. आपल्या मालकीणबाईंना हिशोब कळतो, माणसं कळतात, पण मशीन कळत नाही. तू फळ्यावर एक डबा काढलास. साइट तयार करायची म्हणजे दर वेळी एक नवा कोरा डबा मांडायचा, त्यात आपलं काम ठेवायचं, आणि त्याबरोबर जगभरातल्या लोकांनी बनवून ठेवलेली शेकडो तयार पॅकेजेस नेटवरून आणून आत भरायची. कुणी कॅलेंडरचं बनवलेलं, कुणी पत्ते तपासायचं, कुणी नुसतं रंगांचं. डबा नवा झाला की जुना टाकून द्यायचा, त्यातल्या पॅकेजेससकट. म्हणजे एका ओळीची दुरुस्ती केली तरी सगळा किराणा पुन्हा बाजारातून. तेव्हा आम्ही बटण दाबून चहाला जायचो, परत यायचो, गप्पा मारायचो, तरी ते आपलं भरतच असायचं. तू म्हणालास, डबा टाकू, पण किराणा कशाला टाकायचा. डब्याच्या बाहेर एक कोठी ठेवू, आणलेली पॅकेजेस त्या कोठीत राहतील, आणि नवा डबा आला की त्याला ती कोठी जोडून द्यायची. डबे येतील जातील, कोठी तिथंच. बाईंना ते लगेच पटलं. त्या दिवसापासून आमचं काम बोलता बोलता व्हायला लागलं आणि तू ऑफिसचा लाडका झालास. माझा भाऊ म्हणून मी किती मिरवले ते विचारू नकोस.

तर ही कोठी झाडूरावांनी रिकामी केली. त्यांचं म्हणणं, जागा भरत आली होती, आत जुनंपानं साठलं होतं, आणि कोठी ही कधीही रिकामी करता आलीच पाहिजे. त्यात स्वतःचं असं काही नसतंच. काय आणायचं त्याची यादी आपल्याकडे आहे, आवृत्तीच्या आकड्यासकट, त्या यादीबरहुकूम सगळं पुन्हा जसंच्या तसं येतं. आणि कोठी रिकामी केल्यामुळे काही मोडत असेल, तर दोष रिकामं करण्यात नाही, आत जे होतं त्यात आहे. हे त्यांनी मीटिंगमध्ये बोट वर करून, घसा खाकरून, मास्तरासारखं सांगितलं. इतकं मास्तरासारखं की त्यातलं खरं कुणाच्या कानात शिरलंच नाही. मी तर हात बांधून बसले होते. मी म्हणाले, माझ्या मशीनवर महिनाअखेर बरोबर चालतेय. तेच काम, तीच यादी, तरी माझ्याकडे चालतंय आणि तिकडे मोडलंय. मग मधल्यामधे हात कुणी लावला. बाईंनी मान हलवली. मी बोलले ते सगळं खरं होतं, आणि त्यानंच झाडूरावांचा घात केला.

दोन दिवस ते घाम गाळत बसले होते. यादी तपासली, आमचं सगळं काम ओळीओळीनं वाचलं, कुठंच चूक दिसेना. तेव्हा बाई मला म्हणाल्या, तुझ्या भावाला बोलाव. त्यानं बांधलंय, त्याला कळेल. मी फोन केला. कामाच्या दिवशी, भर सकाळी. तू पहिल्याच घंटीला उचललास. तुझ्या मोठ्या कंपनीत असताना तू माझा फोन दुपारी जेवायच्या आधी कधी उचलला होतास का रे. मीटिंगमध्ये आहे म्हणालास, आणि मागे तुमचं वॉशिंग मशीन कपडे पिळत होतं. तरी वेळ काढतो म्हणालास आणि दुपारी हजर झालास. केस कापलेले, शर्ट इस्त्रीचा. मला तेव्हा फक्त भरून आलं होतं. पाल नंतर चुकचुकली.

तू आलास, झाडूरावांच्या खुर्चीत बसलास, आणि तुझ्यासाठी आणलेला चहा निवायच्या आत साइट सुरळीत झाली. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा फुलला. मीही वाजवल्या. नंतर सगळे गेल्यावर ऑफिसच्या मोरीत माझा जेवणाचा डबा धुताना मला वाटायला लागलं, की यानं काहीच विचारलं नाही. कुठला दवाखाना, कुठली तारीख, काय दिसतंय, कधीपासून. पेशंट दारातून आत यायच्या आधीच डॉक्टर औषध लिहून मोकळे. शेकडो पॅकेजेस आहेत त्या कोठीत, आणि तू बसल्या बसल्या थेट कॅलेंडरचं उघडलंस. मी तुझ्या मागेच उभी होते, बघितलं मी. झाडूरावांना दोन दिवसांत जे सापडलं नाही ते तुला शोधावंही लागलं नाही. हुशारी म्हणून मी ते गिळलं. माझा भाऊ हुशार आहेच. पण ते घशात अडकून बसलं.

आणि मग तू बाईंना कारण सांगितलंस. कोठी रिकामी करून पुन्हा भरताना झाडूरावांकडून एका पॅकेजची चुकीची आवृत्ती आली, असं. सहज बोललास, त्यांना वाचवल्यासारखं, होतं असं कधीकधी, म्हणून. झाडूराव म्हणाले, आवृत्ती बदललेली नाही. तू हसलास. बाईंनी तुझ्यावर विश्वास ठेवला, का नाही ठेवणार. मी दुसऱ्या दिवशी यादी काढून बघितली. तुझ्यावर संशय होता म्हणून नाही, माझी खोड आहे म्हणून. आवृत्तीचा आकडा तोच होता. तू असतानाही तोच, तू गेल्यावरही तोच, कोठी रिकामी करायच्या आधी आणि नंतरही तोच. म्हटलं, याचं चुकलं असेल. धावपळीत आला, धावपळीत बोलला. हे मी स्वतःला दिवसभर समजावत होते, आणि तुला माहीतच आहे, मी एखादी गोष्ट दिवसभर समजावत असेन तर ती मला पटलेली नसते.

तेवढ्यात बाईंनी मला आत बोलावून, दार लावून, आनंदाची बातमी दिली. तुला परत घेतायत. झाडूरावांच्या जागी, वरच्या हुद्द्यावर. तू हो म्हणालायस, उद्या दहाला यायचं ठरलंय, आणि झाडूरावांना उद्याच सांगणार. बाईंना आश्चर्य वाटत होतं, की एवढी मोठी कंपनी सोडून तू लगेच यायला कसा तयार झालास. सोडायची मुदत वगैरे काही नको म्हणालास. त्यांना वाटलं तुझा जीव आमच्यात आहे. मला वॉशिंग मशीन ऐकू आलं. पत्रपेटीची किल्ली दिसली. त्यांनी तुला काढलंय, हो ना. केव्हा काढलं ते मला माहीत नाही, पण उन्हाळ्यापूर्वीच कधीतरी, कारण तेव्हापासून तू कुणाला बाहेर जेवायला घेऊन गेला नाहीस आणि पोरीच्या पोहण्याच्या क्लासला एकदम पाणी गार असतं म्हणायला लागलास. बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच. मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं. पण ते राहू दे, त्याचं मला वाईट वाटलंय, राग नाही आला.

राग आला तो पुढं. बातमी फुटलीच होती. झाडूरावांचं प्रवचन बंद झालं. ऑफिसात एवढी शांतता की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. काल ते माझ्या टेबलाशी आले आणि खाली बघत म्हणाले, एकच विनंती आहे, तुमच्या मशीनवर जी वेगळी कोठी आहे ती एकदा रिकामी करून पुन्हा भरून बघाल का. मी तटकन नाही म्हणाले. मला वाटलं, हा माणूस जाता जाता पुरावा पुसायला निघालाय. माझ्या मशीनला त्यांनी हात लावायचा नाही, हा नियम मीच केला होता, ते आल्या आल्या आमचं एकदा वाजलं होतं तेव्हापासून. ते बरं म्हणाले आणि जागेवर जाऊन कीबोर्ड पुसायला लागले. आज इतका का पुसतायत म्हणून मी बघत राहिले, तर त्यांनी मॉनिटर पुसला, खुर्चीचे हात पुसले, खण रिकामा करून आतून पुसला. उद्या येणाऱ्या माणसाला जागा स्वच्छ मिळावी म्हणून. म्हणजे तुला.

मग मी ते केलं. त्यांच्यासाठी नाही, मला खरंच कळेना म्हणून. माझ्या कोठीची आधी नक्कल करून बाजूला ठेवली, आणि मग मूळ कोठी रिकामी करून यादीप्रमाणे पुन्हा भरली. नवा डबा. माझीच महिनाअखेरीची तपासणी चालवली, तू असतानाच लिहिलेली, जी आजवर कधी नापास झाली नव्हती. ती नापास झाली. माझ्या मशीनवर, माझ्या हातानं, झाडूराव जवळपासही नसताना. म्हणजे त्यांनी काही मोडलं नव्हतं. पॅकेज मुळातच लंगडं होतं, बाजारातून येतं तेच लंगडं येतं, आणि आमच्या जुन्या कोठीत मात्र कुणीतरी त्याला धडधाकट करून ठेवलं होतं. कुठं नोंद न करता, कुणाला न सांगता.

दोन्ही कोठ्या शेजारी ठेवून मी कॅलेंडरचं पॅकेज उघडलं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, पण वाचता येतं. फरक अगदी थोड्या ओळींचा. त्या ओळींमध्ये तारीख तात्पुरती धरून ठेवायला एक नाव दिलेलं होतं. काकडी. तू पहिला प्रोग्राम केलास तेव्हा मीच तुझ्या शेजारी बसले होते ना रे. काहीही नाव दे म्हणाले, तू काकडी खात होतास, काकडी लिहिलंस. मग पुढं आयुष्यभर तुझ्या घाईच्या कामात ती काकडी. दाखवायच्या कामात तू शहाण्यासारखी नावं देतोस, पण कोणी बघणार नाही अशी खात्री असली की काकडी. मी ऑफिसच्या खुर्चीत बसून हसले आधी. शेजारची बघायला लागली तेव्हा लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय.

आता सगळं जुळतं. दोन वर्षांपूर्वी त्याच डॉक्टरांची तक्रार आली होती, तू दुरुस्त केलं म्हणालास, मी तपासलं, पास. रीत काय आहे ते मला तूच शिकवलंस. दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये चूक सापडली तर आपली दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये लिहायची, आपल्या कामाबरोबर ठेवायची, म्हणजे कोठी कितीदा भरली तरी ती आपोआप लागते आणि सगळ्यांना दिसते. कोठीत हात घालून तिथल्या तिथे बदल करायचा नाही, कारण कोठी आपली नसते. तू हात घातलास. घाई असेल, त्या कंपनीत जायचे वेध लागले असतील. आणि कोठी टिकत होती म्हणून तुझी दुरुस्तीही टिकली. माझं नवं मशीन आलं तेव्हा तूच वेळ वाचवायला ऑफिसच्या मोठ्या कोठीची नक्कल मला उतरवून दिलीस, म्हणून ती माझ्याकडेही आली. मग तू गेलास आणि विसरलास. इथपर्यंत मला तुझा राग नाही. असं कुणाकडूनही होतं. हे पेरून ठेवून तू मुद्दाम गेलास, कधी ना कधी आपल्याला बोलावतील म्हणून, असंही एकदा माझ्या मनात आलं. एवढी मी वाईट झालेय आता. ते मी खोडून टाकलं. तू आळशी आहेस, कपटी नाहीस.

पण त्या दुपारी तू त्या खुर्चीत बसलास तेव्हा तुला सगळं आठवलं होतं. म्हणूनच काही विचारलं नाहीस. या वेळी दुरुस्ती तू नीट वेगळ्या फाइलमध्ये, रीतीनं, शहाण्यासारखी नावं देऊन लिहिलीस, आणि मग मागं वळून बाईंना सांगितलंस की चूक झाडूरावांची. तो माणूस तुझ्यापासून दोन हातांवर उभा होता. माझं एक जुनं काम होतं, नोंद करायचं राहिलं, एवढं म्हणाला असतास तर बाई हसल्या असत्या, आणि कोण जाणे, त्यांनी तुला तरीही घेतलं असतं. दुसऱ्या कुठल्यातरी जागेवर. पण तुला ती जागा रिकामी हवी होती. नोकरी गेलेल्या माणसानं दुसऱ्याची नोकरी घालवली, आणि मी टाळ्या वाजवत होते. झाडूराव मला आजही आवडत नाहीत. तू मला जगात सगळ्यात जास्त आवडतोस, नवऱ्यासमोरही मी हे म्हणते. त्यानं यात काय फरक पडतो ते मी काल रात्रभर शोधलं, सापडलं नाही.

म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत मी बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आले. दोन्ही कोठ्या दाखवल्या, तुझ्या ओळी दाखवल्या, त्या कुणाच्या आहेत तेही सांगितलं. झाडूराव कुठेही जात नाहीयेत. आधी मला विचारायचं होतंस, असं तू म्हणशील. तुझा नंबर काढून फोन हातात धरला होता मी. मग वाटलं, हा काहीतरी सांगेल, आणि मला ते पटेल, आणि उद्या दहाला झाडूराव स्वच्छ टेबल सोडून निघून जातील. मला तुझा भरवसा वाटला नाही, धाकट्या. हे पत्र आता लगेच, तुझ्या टपालाच्या वेळेआधी, तुझ्या पेटीत टाकून येते, कारण संध्याकाळी बाई तुला स्वतः फोन करणार आहेत, आणि त्यांच्या आधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. उद्या तो शर्ट घालून इकडे येऊ नकोस. बायकोला आजच सगळं सांग, मग तिला आणि पोरीला घेऊन माझ्याकडे ये, जेवायला थांबा, पुढच्या नोकरीचं आपण बसून बघू. बाईंचा राग आहे, पण त्यांनी अजून दार लावलेलं नाही. मी निघताना त्यांनी एकच विचारलं, की फोन केल्यावर तो खरं सांगेल का. मी हो म्हणाले.

तुझीच,
ताई